पडद्यावरचा राजा, परळीचा चिटणीस

आमच्या ड्रेपरीतून सगळ्यांत जास्त भाड्यानं जातो तो राजा. त्याच्या खालोखाल मावळे, मग अफजलखान आणि औरंगजेब, मग जिजाऊसाहेब आणि येसूबाई. पेणपासून रोह्यापर्यंत आणि आत पाली-जांभूळपाड्यापर्यंतच्या शाळा, शिवजयंतीची मंडळं, गावकीची नाटकं असं सगळं गिऱ्हाईक नागोठण्याला आमच्याकडे येतं. पण चिटणिसाचा पोशाख मागायला आजतागायत कोणी आलेलं नाही. पागोटं, साधा अंगरखा, उपरणं, कमरेला कलमदान. शिवायला सोपा, भाड्याला स्वस्त, तरी कपाटातच पडून. ऐतिहासिक सिनेमानं आपल्याला राजा बघायला शिकवलं, पण राजाभोवतीची माणसं बघायची सवय घालवली, असं माझं मत आहे आणि ते या कपाटासमोर उभं राहून झालेलं आहे. आमच्या भागाला ते जरा जास्तच लागतं. मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर कितीतरी वर्षं जो संभाजी वावरला, त्याचं मूळ आमच्या गावापासून तासाभराच्या वाटेवर आहे, आणि ते एका चिटणिसाच्या मरणात आहे.

धंदा सासऱ्यांचा. जोगेश्वरीच्या चैत्रातल्या जत्रेला नाटक व्हायचं, त्यासाठी पोशाख बाहेरून आणावे लागायचे. ते मागवता मागवता त्यांनी स्वतःच शिवायला घेतले. पुढं जत्रेत तंबूतला सिनेमा येऊ लागला. सासरे सिनेमा बघायचे ते शिंप्याच्या डोळ्यांनी. भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ १९५२ चा. चंद्रकांत मांढरे महाराजांच्या भूमिकेत, पृथ्वीराज कपूर मिर्झाराजे जयसिंगांच्या. आमच्याकडे तंबूत तो बऱ्याच उशिरा पोचला असणार, पण सासरे तो लागोपाठच्या खेळांना बसून बघून आले आणि घरी येऊन त्यांनी जिरेटोपाची उंची वाढवली. कारण दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक म्हणायला लागलं, “आबा, पिच्चरातल्यासारखा पाहिजे.” ही मागणी तेव्हापासून बदललेली नाही. पिच्चर तेवढे बदलत गेले.

तसं बघितलं तर राजांना पडद्यावर आणायचं काम भालजींच्याही आधीचं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला, मूकपट, त्यात व्ही. शांताराम शेलारमामा झाले होते. पुढं १९३० साली प्रभातनं शिवचरित्रावर मूकपट काढला, त्यात शांतारामच शिवाजी. चित्रपटाच्या नावात ‘स्वराज्य’ होतं. इंग्रज सरकारला ते चाललं नाही, म्हणून नाव बदलून ‘उदयकाल’ करावं लागलं. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. १६४६ च्या सुमारास तोरणा घेणाऱ्या तरुण राजाची गोष्ट सांगायची होती, पण प्रेक्षकाला ऐकायची होती ती १९३० ची, मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षाची. सरकारी अधिकाऱ्यांनाही ते कळलं होतं. त्या सिनेमानं लोकांना धीर दिला, आणि धीर देण्यासाठी राजाला त्याच्या काळातून उचलून आपल्या काळात आणलं. तेव्हापासून आपले बहुतेक ऐतिहासिक चित्रपट हेच करत आले. राजा जुना, गरज आजची.

महाराजांचा चेहरासुद्धा आपल्यापर्यंत असाच फिरत फिरत आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून खपत होतं. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली डच ग्रंथकार व्हॅलेंटाईनच्या ग्रंथातलं चित्र उजेडात आणलं, तेव्हा ती चूक मोडली. पुढं महाराष्ट्र सरकारनं अधिकृत म्हणून जे चित्र स्वीकारलं, ते कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी काढलेलं. कांबळे कोण, तर प्रभातच्या आणि शांतारामांच्या सिनेमांची पोस्टरं रंगवणारे कलावंत. तहसीलदार कचेरीत आणि शाळेच्या फलकाच्या वर जे महाराज आपण बघतो, ते एका सिनेपोस्टर रंगवणाऱ्याच्या कुंचल्यातून आलेले आहेत. यात मला काही कमीपणा वाटत नाही. कांबळ्यांच्या हातात देवपण होतं. पण सिनेमा आणि इतिहास यांच्यात आपण जी भिंत आहे असं समजतो ती किती पातळ आहे, हे त्यातून कळतं.

महाराजांच्या काळातली किंवा त्या काळाच्या जवळची चित्रं बघितली की माझ्यासारखीला पहिल्यांदा कापड दिसतं. पातळ सुती जामा, कमरेला पटका, डोक्याला घट्ट बसणारी पगडी आणि तीवर तुरा. अंगावर मोजकं. आमच्या कपाटातला राजा मात्र जड. हे मला नीट कळलं ते २००५ च्या पुरात. २६ जुलैच्या त्या पावसात अंबा नदी बाजारपेठेत शिरली आणि आमच्या पेट्या पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर सासऱ्यांच्या हातचा सगळ्यांत जुना जिरेटोप मी मांडीवर घेऊन उसवायला बसले, काही वाचतं का ते बघायला. सर्वांत वरच्या थरात प्लॅस्टिकचे मोती आणि चमकी लावलेली लाल मखमल, हा थर मीच चढवला होता, टीव्हीवरच्या मालिका सुरू झाल्यावर. त्याखाली सोनेरी गोटा शिवलेलं साटीन. त्याखाली खळ दिलेलं बुकरम, ते सासऱ्यांनी उंची वाढवली तेव्हाचं. आणि अगदी आत, लेईनं चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला, कोऱ्या मांजरपाटाचा एक साधा टोप होता, कडेला हातशिलाईनं बसवलेली बारीक काचमण्यांची एकच ओळ. गावच्या पहिल्या नाटकात राजानं तोच घातला असणार. पुठ्ठ्याचा लगदा झाला होता, मखमलीचा रंग मांजरपाटात उतरला होता, पण हातशिलाईचा टाका एकही सुटलेला नव्हता. तो आतला टोप मी धुऊन ठेवला. त्याला गिऱ्हाईक नाही.

आता संभाजी महाराजांकडे येते.

सासऱ्यांच्या उमेदीच्या काळात संभाजीचा पोशाख म्हणजे गळ्यात फुलांचा गजरा, मनगटाला गजरा, अंगरखा रेशमी, डोळ्यांत सुरमा. एक पेला पण द्यावा लागायचा, मद्याचा. कारण नाटकं तशी होती. गडकऱ्यांचं अपुरं राहिलेलं ‘राजसंन्यास’, औंधकरांचं १९२४ चं ‘बेबंदशाही’. शूर पण वाहवलेला, रागीट, बाईच्या आणि दारूच्या नादानं राज्य घालवणारा राजपुत्र. १९४१ साली भालजींनीच ‘थोरातांची कमळा’ काढला, त्यात चंद्रकांत मांढरे संभाजी आणि सुमती गुप्ते कमळा. ती प्रेमकथा लोकांनी इतकी खरी मानली की गावागावांत कमळा व्हायला मुलगे तयार असायचे. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करत. पण ज्या राजानं वयाच्या चोविसाव्या वर्षी राज्य हाती घेतलं, नऊ वर्षं औरंगजेबाशी, सिद्दीशी, पोर्तुगिजांशी एकाच वेळी झुंज दिली आणि १६८९ च्या मार्चमध्ये हाल सोसून मरण पत्करलं, त्याच्या हातात पेला कुणी दिला?

नागोठण्याहून गोव्याच्या रस्त्यानं थोडं पुढं गेलं की वाकण फाटा. तिथून आत वळलं की पाली, बल्लाळेश्वर, मागं सरसगड. पालीच्या पलीकडे सुधागड. त्याच्या पायथ्याला धोंडसे आणि पाच्छापूर ही गावं. १६८१ च्या जून महिन्यात औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर, दुर्गादास राठोडाच्या सोबतीनं, नर्मदा ओलांडून इथं आला. बापाविरुद्ध त्यानं स्वतःला बादशहा म्हणवून घेतलं होतं आणि त्याला आसरा द्यायला हिंदुस्थानात संभाजी महाराजांखेरीज कोणी तयार नव्हतं. त्याच्या मुक्कामाचं त्या वेळचं वर्णन आहे. गवतानं शाकारलेलं मोठं घर, आतून पांढऱ्या कापडाचं अस्तर, खाली साधे गालिचे. ऐन पावसाळ्यात सुधागडच्या पायथ्याशी! या भागातला पाऊस ज्यानं बघितला आहे त्याला त्या पांढऱ्या कापडाचं आठ दिवसांत काय झालं असेल ते सांगायला नको. बादशहा राहिला म्हणून गावाचं नाव पातशहापूर पडलं, त्याचं पाच्छापूर झालं.

इकडं रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन जेमतेम सात महिने झाले होते. त्यांच्यावर विषप्रयोगाचा कट झाला, तो फसला. मग कटातल्या मंडळींनी अकबराशी संधान बांधायचा प्रयत्न केला. अकबरानं ती गोष्ट यजमानाला कळवली. पुढं जे झालं ते इथंच, सुधागडाच्या परिसरात परळीजवळ. अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद आणि चिटणीस बाळाजी आवजी यांना हत्तीच्या पायी दिलं. बाळाजींच्या बरोबर त्यांचा मुलगाही गेला. अण्णाजी दत्तो म्हणजे ज्यांनी स्वराज्याची जमीन मोजली, धारा बसवला. बाळाजी आवजी म्हणजे शिवाजी महाराजांची पत्रं ज्यांच्या हातून लिहिली गेली. त्यांचा कटात सहभाग किती होता यावर जाणकार आजही वाद घालतात. स्वतः संभाजी महाराजांनी बाळाजींच्या दुसऱ्या मुलाला, खंडो बल्लाळांना, वडिलांची चिटणिशी दिली. राजाच्या मनात काय होतं ते या एका नेमणुकीवरून मला जेवढं कळतं तेवढं कुठल्याही संवादावरून कळत नाही. नोव्हेंबरात महाराज आणि अकबर यांची पाच्छापुरास भेट झाली.

या घराण्यात पुढं साताऱ्याला मल्हार रामराव चिटणीस झाले. त्यांनी १८१० च्या सुमारास बखर लिहिली, म्हणजे परळीच्या प्रसंगानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी. घरात पिढ्यान् पिढ्या सांगितलेलं दुःख त्या बखरीत उतरलं. तिच्यातला संभाजी क्रूर आहे, व्यसनी आहे, कोणाचं ऐकत नाही. ग्रँट डफसारख्या इंग्रज इतिहासकारानं अशाच बखरींचा आधार घेतला, त्याच्यावरून शाळेची पुस्तकं झाली, पुस्तकांवरून नाटकं, नाटकांवरून सिनेमे, आणि सिनेमावरून आमच्या पेटीतला तो पेला. मल्हाररावांना मी दोष देत नाही. ज्यांच्या घरातले दोन जीव एका दिवशी हत्तीखाली गेले, त्यांच्याकडून आपण कुठली लेखणी मागणार? पण बखर वाचताना लिहिणारा कोण, हे बघावं लागतं. नाटक-सिनेमावाल्यांनी ते फार वर्षं बघितलं नाही.

ते बघितलं बेंद्र्यांनीच. ज्यांनी शिवाजी महाराजांचा चेहरा शोधला, त्यांनीच चाळीसेक वर्षं कागद धुंडाळून १९६० साली ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा ग्रंथ दिला. त्या पाठोपाठ १९७१ साली कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’. या दोन ग्रंथांनी संभाजी महाराज परत मिळवून दिले. रंगभूमीवरही बदल दिसू लागला. कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ चं, काशिनाथ घाणेकरांचा संभाजी. सासरे सांगायचे की त्यानंतर गजरा मागणं बंद झालं आणि लोक म्हणायला लागले, “संभाजी साधा द्या, पण डोळ्यांत जाळ पाहिजे.” तो जाळ ड्रेपरीवाला कुठून देणार! १९७९ साली शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी आली आणि राजपुत्राचं पारडं पुरतं फिरलं.

त्याच कादंबरीवर लक्ष्मण उतेकरांचा हिंदी ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ ला आला. आमच्याकडची मुलं टेम्पो करून पनवेलला जाऊन बघून आली. परत येताना काहींचे डोळे सुजलेले होते, हे मी बघितलं आहे, आणि त्या रडण्याचा मला आदर आहे. शेवटचे हाल पडद्यावर बघून ज्याच्या पोटात कालवलं नाही त्याच्याशी मी इतिहास बोलायला जाणार नाही. दुसऱ्या दिवसापासून दुकानात एकच मागणी, “काकू, छावाचा ड्रेस हाय का?” चामड्यासारखं दिसणारं चिलखत, खांद्यावर पट्टे, मनगटावर जाड कातडं. मी रेक्झिन आणून शिवले. माझ्या माहितीत त्या काळचे आपले लोक बहुतांशी रुईदार बंड्या घालून लढत, कोकणच्या दमट हवेत कातड्याला बुरशी येते, हे मी प्रत्येक पोराला सांगते. पोरं ऐकून घेतात आणि रेक्झिनच नेतात.

‘छावा’मध्ये अकबर आहे, अण्णाजी दत्तो आहेत, हत्तीही आहेत. पण तो सगळा प्रसंग फितुरांना शिक्षा म्हणून येतो आणि जातो. थिएटरात टाळ्या पडल्या. सुधागड तालुक्यातल्या पोरांनीही वाजवल्या आणि ती जागा आपल्या घरापासून किती कोसांवर आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मला त्या टाळ्या फार लागल्या. संभाजी महाराजांवरचा अन्याय धुवून काढायलाच हवा होता, पण तो धुताना त्यांचा सगळा राज्यकारभार फितूर आणि शूर अशा दोन रांगांत उभा करायची गरज नव्हती. ज्या राजाचा बाप गेल्यावर दरबारात दोन तट पडले, त्याला कोणावर विश्वास ठेवावा हे रोज ठरवावं लागत होतं. ते ठरवणं म्हणजेच त्याचं राजेपण. पडद्यावर ते ठरवून झालेलं असतं. प्रेक्षकाला फितूर पहिल्या दृश्यात ओळखू येतो, त्याच्या मिशीवरूनसुद्धा.

‘छावा’तल्या गणोजी-कान्होजी शिर्क्यांच्या फितूर म्हणून केलेल्या चित्रणावर शिर्के घराण्यातल्या लोकांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. त्याआधी लेझीमचं दृश्य वादामुळं काढलं गेलं होतं. वंशजांनी पूर्वजांसाठी उठायची ही रीत आपल्याकडे मल्हाररावांच्या बखरीइतकी तरी जुनी आहे. मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून वातावरण तापलं आणि नागपुरात दंगल झाली. त्या वर्षीच्या हिवाळ्यात एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी पोशाख न्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, औरंगजेब व्हायला मूल मिळेना, आयांनी सरळ नाही सांगितलं. मग प्रवेशच बदलला. औरंगजेब नसलेला संभाजी! मी त्यांना म्हटलं, बाई, अकबर घ्या. बापाशी भांडून आलेला, आपल्याच भागात गवताच्या घरात राहिलेला शहाजादा. पोरांना कळेल. शिवायचे पैसेसुद्धा घेणार नाही म्हटलं. त्यांनी विचार करते सांगितलं.

आमच्या नागोठण्यावर सिनेमा निघणार नाही, कारण इथं राजा नव्हता. इथं खाडी होती, बंदर होतं. निजामशाहीच्या दिवसांत अंबेवर बांधलेला जुना दगडी पूल आहे. चौलच्या काझी अलाउद्दीननं तो बांधवला, असं कुलाब्याचं गॅझेटियर सांगतं. १६७९ साली खांदेरी बेटावरून इंग्रज आणि मराठे समुद्रात भिडले, तेव्हा मराठी आरमारानं नागोठण्याच्या खाडीचा आसरा घेतला. त्या गलबतांवरचे कोळी आणि भंडारी कुठल्या पोशाखात होते हे विचारायला कोणी आलं, तर मी सुखानं शिवून देईन.

अकबराचं पुढं काही जमलं नाही. दिल्लीवर चालून जायची त्याची घाई आणि संभाजी महाराजांची चारी बाजूंची लढाई यांचा मेळ बसला नाही. १६८७ साली तो राजापूरहून जहाजानं निघून इराणला गेला आणि बापाच्या आधीच तिकडं वारला. दुर्गादास मारवाडला परतला, आणि अकबराची मागं राहिलेली मुलं त्यानं आपल्याकडे सांभाळली.

आणि खंडो बल्लाळ? १६८३ साली गोव्याच्या मोहिमेत महाराजांचा घोडा कुंभारजुव्याच्या खाडीत भरतीच्या पाण्यात सापडला, तेव्हा ज्यानं उडी घालून त्यांना वाचवलं तो हाच, परळीला वडील आणि भाऊ गमावलेला मुलगा, असं बखरी सांगतात. संभाजी महाराजांनंतर तो राजाराम महाराजांबरोबर जिंजीला गेला. मोगलांचा वेढा पडला. वेढ्याच्या बाहेर मोगलांच्या बाजूला गणोजी शिर्के होते. ‘छावा’ बघून आलेलं प्रत्येक पोर ज्यांच्या नावानं दात खातं, तेच. खंडो बल्लाळांनी त्यांना गाठलं. दाभोळकडचं आपलं वतन शिर्क्यांच्या नावे करून दिलं आणि त्या बदल्यात राजाराम महाराजांना वेढ्यातून निसटायला मदत मागितली. गणोजींनी ती केली. १६९८ च्या सुरुवातीला जिंजी पडली, तेव्हा छत्रपती किल्ल्यात नव्हते.